विषय सोडून लिहिलेला दुष्काळ

मार्च उजाडला की आमच्या जिन्यात पाठांतर सुरू होतं. नांदेडचं ऊन तेव्हा खिडकीच्या गजांना हात लावू देत नाही. खालच्या मजल्यावरची दहावीतली मुलगी पायऱ्यांवर बसते, कारण तिथं जरा झुळूक असते, आणि डोळे मिटून म्हणते, "होय, मी दुष्काळग्रस्त शेतकरी बोलतोय! विहिरीतलं पाणी तर आटलंच, आता माझ्या डोळ्यांतलंही आटलं!" परवा ती हे घोकत असताना बाहेर टँकरचा पाइप सोसायटीच्या टाकीत सोडलेला होता आणि तिची आई गॅलरीतून वॉचमनवर ओरडत होती, "आमच्या बाजूची टाकी आधी भरा म्हणलं ना तुम्हाला!" मुलीनं एक डोळा उघडून आईकडं पाहिलं, पुन्हा मिटला, आणि ती आपल्या आटलेल्या विहिरीकडं परत गेली.

मला राग येतो. डॉक्टरांनी या वयात राग कमी करा म्हणून बजावलंय, मीठ कमी करा म्हणतात त्याच सुरात. मीठ मी कमी केलं. रागाचं जमत नाही. डोळ्यांदेखत टँकर उभा आहे, आई भांडते आहे, वॉचमन घामाघूम झालाय, आणि या मुलीला कुणी सांगितलेलंच नाही की दुष्काळ म्हणतात तो हाच. तिला सांगितलंय की दुष्काळ म्हणजे एक म्हातारा आहे, त्याला मुंडासं आहे, तो कपाळावर हात धरून बांधावर बसलेला असतो आणि पंधरा मार्कांचा असतो.

हा म्हातारा माझ्या ओळखीचा आहे. त्याच्यापायी मी नोकरी सोडली.

नांदेडच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते. परीक्षा जवळ आली की निबंध फळ्यावर उतरवून द्यायचे, मुलांनी ते वह्यांत उतरवून घ्यायचे, आणि मग पेपरात पुन्हा उतरवायचे, असा तिथला रिवाज होता. मी मुलांना म्हणायची, तुमचं तुम्ही लिहा. हेडमास्तर म्हणायचे, "बाई, मुलांकडं लिहिण्यासारखं असतं काय?" एकदा त्यांनी सर्वांसमोर खडू माझ्या हातात दिला आणि फळ्याकडं बोट दाखवलं. मी खडू टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. बाहेर पडणं सोपं होतं. बाहेर राहणं अवघड होतं. वर्तमानपत्रांत लेख लिही, कुणाच्या साठीची पुस्तिका लिहून दे, कुणाचं उद्घाटनाचं भाषण लिहून दे, असं करत मी राहू लागले. नातेवाईक विचारायचे, "सध्या काय करून राहिलीस?" मी म्हणायची, "लिहिते, आणि लिहायला शिकवते." ते मान हलवायचे आणि पुन्हा विचारायचे, "ते बरोबर हाय, पण करतीस काय?"

लातूरचा जिल्हा होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. त्याआधी लहानसहान कागदासाठीसुद्धा उस्मानाबादची एसटी धरावी लागे. आता कचेऱ्या लातुरातच आल्या होत्या, आणि कचेरी येण्याआधी तिची पाटी यायची. पेंटर दिवसभर शिडीवर. जुन्या नावाच्या आधी 'जिल्हा' हा शब्द बसवायचा म्हणून अक्षरं दाबून दाबून लिहायचे. चहाच्या टपरीवरसुद्धा माणसं जिल्ह्याच्या भाषेत बोलत. आणि या सगळ्या नव्या रंगाच्या वासाखाली गाव तहानलेलं होतं. पाऊस लागोपाठ दगा देत होता. नळाला पाणी येणार आहे अशी नुसती कुणकुण लागली तरी गल्लीत घागरींचे आवाज सुरू व्हायचे. पेंटरला रंगाचा ब्रश धुवायला पाणी मिळत नसे, रॉकेलही जपून वापरायचं, म्हणून लाल पाटी संपेपर्यंत तो निळ्या पाटीला हात लावत नसे. नव्या जिल्ह्याच्या पाट्या लाल का, याला दुसरं काही कारण नव्हतं.

दर रविवारी मी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला यायची. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एका वाचनालयाची वरची खोली मिळाली होती. तिथं लेखनाचा वर्ग. दवाखान्यातल्या एक नर्सबाई यायच्या, दोघेतिघे तात्पुरते शिक्षक यायचे, आणि सगळ्यांत लहान होती महादेवी. ती शिरूर अनंतपाळची. गावात वडिलांचं किराणा दुकान; वडिलांना ती अप्पा म्हणायची, आईला अव्वा. दहावीसाठी तिला लातूरला मामाकडं ठेवलं होतं. तिला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं, आणि मार्क कमी पडले तर तिचं लग्न ठरणार होतं, हे तिनं पहिल्याच दिवशी असं सांगितलं, जशी काही एसटीची वेळ सांगतेय.

वर्गाचा नियम एकच होता. जे बघितलं नाही ते लिहायचं नाही. एका रविवारी मी म्हटलं, घरात पाणी आल्यापासून संपेपर्यंत त्याचं काय काय होतं, ते लिहा. सगळे खाली मान घालून लिहायला लागले. महादेवीनं शेवटी वाचलं. तिचा आवाज बारीक होता आणि वाचताना ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायची.

"आमचं शेत नाही. आमचं दुकान आहे. अप्पा अंघोळ केल्याशिवाय लिंगपूजा करत नाहीत, आणि लिंगपूजा केल्याशिवाय जेवत नाहीत. म्हणून आलेल्या पाण्यातली पहिली बादली अप्पांची. दुसरी स्वयंपाकाची. त्यानंतर अव्वाच्या वाट्याला जे उरतं, त्याला अंघोळ म्हणता येत नाही. ती ओल्या फडक्यानं अंग पुसते. मग ते फडकं भांड्यातल्या पाण्यात पिळते आणि त्या पाण्यानं दुकानाची पायरी शिंपडते, कारण कोरड्या पायरीवर गिऱ्हाईक चढत नाही असं अप्पा म्हणतात. पायरीवर आमच्या अव्वाच्या अंगाचं पाणी असतं, हे गिऱ्हाइकांना माहीत नाही."

नर्सबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं उगाच पुसत बसल्या. लिहायला शिकवणाऱ्याच्या आयुष्यात अशा दुपारी फार येत नाहीत. आल्या की मध्ये बोलू नये.

पंधरवड्यानं शाळेची पूर्वपरीक्षा झाली. निबंधाला 'दुष्काळग्रस्ताचे मनोगत' हाच विषय. महादेवीनं तेच लिहिलं, थोडं वाढवून. उत्तरपत्रिका घेऊन ती वर्गात आली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच मी समजले. मराठीत जेमतेम पास. निबंधाच्या खाली लाल शाईत लिहिलं होतं, "विषय सोडून. दुष्काळग्रस्त = शेतकरी."

ते बरोबरीचं चिन्ह मला आजही दिसतं. गणितातसुद्धा इतक्या खात्रीनं कुणी ते काढत नाही.

मी सोमवारची परतीची गाडी सोडली आणि तिच्या शाळेत गेले. कुलकर्णी सर शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होते. साधा, थकलेला माणूस. मला बसायला खुर्ची दिली, पाणी मात्र विचारलं नाही. तेव्हा कुणीच कुणाला विचारत नसे.

"निबंध चांगला आहे बाई," ते आधीच म्हणाले. "मी स्वतः दोनदा वाचला."

"मग मार्क?"

"बोर्डाचा परीक्षक मुद्दे बघतो. भेगाळलेली जमीन, ओस पडलेला गोठा, आभाळाकडं लागलेले डोळे, शेवटी शासनाला विनंती. हिच्यात यातलं एक तरी आहे का, सांगा."

"तिच्या घरी गोठा नाही, सर."

"मग निबंधात आणायचा!"

त्यांच्या खुर्चीमागं एक पाण्याचा डबा होता, वर कापड बांधलेला. शाळेच्या हौदातलं पाणी घरी न्यायचा असावा. मी विचारलं, "तुमची शेती आहे का सर?"

"न्हाई हो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नोकरदार."

"मग हा डबा कशाला?"

त्यांनी डबा पायानं हळूच मागं सरकवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुम्ही तिला लिहायला शिकवता. मला तिला पास करायचंय. तुमच्या शिकवण्यानं ती नापास झाली तर मुलगी मांडवात जाईल, आणि तुम्ही तुमच्या गाडीनं नांदेडला."

त्यांचं खोटं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. वाईट माणसाशी भांडता येतं. जो माणूस एका पोरीचं भलं करण्यासाठी तिच्या तोंडातली भाषा काढून घेतो, त्याच्याशी कसं भांडायचं? ज्याच्या स्वतःच्या घरी पाणी नाही, तोच सांगतो की पाणी फक्त शेतकऱ्याकडं नसतं. आणि शेतकऱ्याचं तरी कुठं काय सांगितलं होतं? त्याला पेपरात आणून बसवला, रडवला आणि मार्क घेतले. त्या शाळेत शेतकऱ्यांची पोरं ढिगानं होती. तीसुद्धा स्वतःच्या बापाचं न लिहिता 'अपेक्षित' नावाच्या गाइडमधल्या बापाचं लिहीत होती.

पुढच्या रविवारी वर्ग सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. दारात धोतर, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, असे एक गृहस्थ उभे. महादेवी ताडकन उठली. "अप्पा!"

बसवण्णप्पा आत आले, पण बसले नाहीत. "तुमीच का त्या लिहिनं शिकवणाऱ्या बाई?"

"हो, मीच."

"मेव्हण्यानं निरोप धाडला. पोरगी काठावर पास झाली म्हनं. घरचं काहीतरी लिहून आली म्हनं पेपरात. आमच्या घरात कोन कशानं आंग पुसतंय हे मास्तराला कशाला पाह्यजे? शेतकऱ्याचं लिही म्हनले तर लिहावं की गप शेतकऱ्याचं!"

मी काही समजवायच्या भानगडीत पडले नाही. महादेवीची उत्तरपत्रिका त्यांच्या हातात दिली. ते उजेडाकडं, खिडकीपाशी गेले आणि बोट ठेवून हळूहळू मोठ्यानं वाचायला लागले. दुकानातला माणूस, त्याला मनात वाचायची सवय नव्हती. पहिल्या बादलीपर्यंत आवाज चढा होता. फडक्यापाशी तो उतरला. पायरीपाशी बंदच झाला. ओठ मात्र हलत होते. मग ते खालच्या लाल शाईवर आले, आणि ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"म्हंजे?" ते वळले. "म्हंजे माझ्या घरी दुष्काळ न्हाई म्हन्तो का हा मास्तर?"

त्यांनी लाल शाईवर बोट आपटलं.

"गावातली हीर काय दुकान कोनाचं आन शेत कोनाचं बघून आटली का? चार मैलावरून मानूस येतो, पायरीवर बसतो, साखर मागायच्या आधी पानी मागतो. मी न्हाई म्हन्तो. दुकानात बसून मानसाला पानी न्हाई म्हन्तो मी! आन हा म्हन्तो इषय सोडून!"

त्यांचा राग असा वळला आणि नर्सबाईंना हसू फुटलं. बसवण्णप्पांनाही किंचित आलं. मग ते खाली सतरंजीवर बसले आणि उत्तरपत्रिका मांडीवर ठेवली.

"ते पायरीचं मला माहीत व्हतं बाई," ते म्हणाले. "रोज बघत व्हतो. बघून न बघितल्यासारखं करत व्हतो. पर हे आसं वळीवळीनं मांडल्यावर लई अवघड झालं. आता उद्या त्या पायरीवर पाय कसा ठिवू, सांगा."

मी आयुष्यभर लोकांना विचारत आले आहे की लिहिण्यानं काय होतं. पुस्तकांत त्याची मोठी मोठी उत्तरं आहेत. माझ्याकडं मात्र सतरंजीवर बसलेल्या त्या माणसाचा प्रश्न आहे, आणि मला तो पुरतो.

बोर्डाच्या पेपरात मनोगत आलंच. पेपर देऊन महादेवी सरळ वाचनालयात आली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मी 'अपेक्षित'मधलं लिहिलं बाई. भेगा, गोठा, आभाळ, सगळं टाकलं. बैलाचं नाव सर्जा ठिवलं."

"वाईट वाटलं?"

"न्हाई. त्यांनी जे मागितलं ते त्यांना दिलं. माझं माझ्याजवळ हाय."

तिला मार्क चांगले मिळाले. डी.एड. झालं. पुढं मुखेडच्या बाजूला एका शाळेत तिला नोकरी लागली आणि ती तिथंच मुरली. अजून फोन करते. निवृत्त व्हायच्या आधी एकदा म्हणाली होती, "फळ्यावर निबंध देत न्हाई म्हणून हेडमास्तर माझ्यावर चिडून राहिलेत, बाई." मी म्हटलं, चिडू दे. पण सोळा वर्षांच्या पोरीला पास होण्यासाठी खोटा बैल पाळावा लागला, हे मला तेव्हा गिळता आलं नाही आणि आजही येत नाही. तिनं शहाणपणा केला. तो करायची वेळ तिच्यावर ज्यांनी आणली, त्यांना मी का माफ करू?

त्याच उन्हाळ्यात शहरातल्या एका साप्ताहिकाचे संपादक दुष्काळ बघायला आले. जीप होती, फोटोग्राफर होता, मागं पाण्याचे कॅन रचलेले होते. दोन दिवस ते भेगाळलेली जमीन शोधत हिंडले. आमच्याकडची काळी माती, तिला भेगा हव्या तेवढ्या. पण फोटोग्राफरला भेगेपाशी बसलेला म्हातारा पाहिजे होता, आणि म्हातारे सगळे टँकरच्या रांगेत होते. मी विशेषांकासाठी लिहावं म्हणून ते मला विश्रामगृहावर भेटले. मी माझा लेख दिला नाही, महादेवीचा दिला. तिची आणि बसवण्णप्पांची परवानगी घेतली होती.

संपादकांनी उभ्या उभ्या वाचला. "वा! फारच छान. अस्सल आहे." मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "फक्त एक करता येईल का? मुलगी शेतकऱ्याची करू या. दुकानदार म्हटलं की वाचकाला तेवढी कणव वाटत नाही हो."

"आणि पायरी?"

"पायरी ठेवू ना. गोठ्याची करू."

मी त्यांच्या हातातून कागद काढून घेतले. 'घेतले' हा सभ्य शब्द झाला. एक कोपरा फाटून त्यांच्या बोटांत राहिला. कुलकर्णी सरांना निदान पोरीला पास करायचं होतं. यांना काय करायचं होतं? दुष्काळ आमचा, तहान आमची, आणि ती कशी लागावी हे ठरवणार जीपमधून आलेली माणसं! जिन्यापर्यंत मागं येत ते म्हणत होते, "अहो, रागावू नका, लेखनात थोडं इकडंतिकडं चालतं." मी वळून म्हटलं, "माझ्या वर्गात चालत नाही," आणि खाली उतरले.

तो लेख नांदेडच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पानावर आला. जसाच्या तसा. महादेवीचं पूर्ण नाव, खाली गावाचं नाव. पुढच्या आठवड्यात बसवण्णप्पांचा निरोप आला, एकदा घरी या. मी शिरूरला गेले.

दुकानात गर्दी नव्हती. पायरी कोरडी ठणठणीत होती. बसवण्णप्पांनी उठून नमस्कार केला आणि स्वतःहून म्हणाले, "समाजातले दोघं आले व्हते. पूजेच्या पान्यावरून घरच्या बाईचं मांडता का म्हनले. मी म्हनलं, म्या न्हाई, माझ्या पोरीनं मांडलंय, आन खरं हाय. आता मी अर्ध्या बादलीत भागवतो." हे सांगताना त्यांची मान ताठ होती. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला जिंकल्यासारखं वाटलं.

दुकान आणि घर यांच्यामधल्या उंबऱ्यात महादेवीची आई, शिवकांताबाई, सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. गावभर झालेलं त्यांनी ऐकलं होतं, पण लेख त्यांना कुणी वाचून दाखवलाच नव्हता. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की त्यांना तो माहीतच असणार, कारण तो त्यांच्यावर होता.

"वाच की ग," मी महादेवीला म्हटलं.

ती अव्वाच्या शेजारी बसून वाचायला लागली. पहिली बादली, दुसरी बादली, फडकं, पायरी. शिवकांताबाईंचा हात सुपात फिरत होता, खडे बाजूला पडत होते. शेवटच्या ओळी महादेवीनं पूर्वपरीक्षेच्या पेपरासाठी वाढवल्या होत्या. त्यांत लिहिलं होतं की अव्वा कधी तक्रार करत नाही, तिचा चेहरा शांत असतो, ती हसून सगळं सोसते. हे वाक्य मी वाचलं होतं. उत्तरपत्रिका आली त्या दिवशी वर्गात सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणालाच ते खटकलं नव्हतं.

शिवकांताबाईंचा हात थांबला.

"हे कोन?" त्या म्हणाल्या.

"कोन म्हंजे? तू, अव्वा."

"मी कवा हासले?"

महादेवी गोंधळली. "म्हंजे... तू काही बोलत नव्हतीस ना."

"बोलत नव्हते. त्वांडाला कोरड पडली व्हती म्हनून बोलत नव्हते. हासत कशाला आसंन?" त्यांनी सूप खाली ठेवलं. आवाज चढला नव्हता, पण दुकानातलं गिऱ्हाईक मागं वळून बघायला लागलं. "मला राग येत व्हता. रोज येत व्हता. फडकं पिळताना तर लई येत व्हता. बादलीचा, फडक्याचा, समदा हिशेब मांडलास तू. माझा राग कुठं हाय ह्याच्यात?"

महादेवीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या हातातल्या वर्तमानपत्राकडं बघितलं. छापलेल्या कागदावर आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

"बाई, तुमी शिकिवता ना हिला?" शिवकांताबाई मला म्हणाल्या. "मंग नीट शिकवा. आन ग तू, कागद घे दुसरा. मी सांगते ते लिही."

महादेवीनं गल्ल्याशेजारच्या पुड्या बांधायच्या कागदांतला एक ओढला, मांडीवर ठेवला आणि पेन उघडलं. शिवकांताबाईंनी नवऱ्याकडं एकदा सरळ बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. बसवण्णप्पा गिऱ्हाइकाची साखर तोलत होते. तराजूचा काटा केव्हाच थांबला होता, पण त्यांनी पारडं उचललं नाही. बायकोचं बोलणं संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि गिऱ्हाईकही राहिलं.